सतरा नंबरची बाटली

मी, रावजी चांगू उतेकर, वय ६८, राहणार कापड्याच्या वरची वाडी, तालुका पोलादपूर, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी नाडी धरली तेव्हा मीही मनात मोजत होतो.

१. मिळकत दोनच: गोठ्यासह घर आणि ओढ्याकाठचं भातशेत. पुतण्या जितेश मुंबईला असतो. शिमग्याला आला तेव्हा त्याने माझ्या तब्येतीची एकदा चौकशी केली आणि सातबाऱ्याची चारदा.

२. बर्फात घालायचे बूट आणि दोर गिर्यारोहण मंडळाला. दोर कुजलाय, त्यावर लटकू नये.

३. २०११ साली मी आणि शेजारी सयाजी साळेकर मंडळाबरोबर हिमालयात ओझी वाहायला गेलो. उंचावर माणसाच्या छातीत पाणी का होतं, यावर तिथे डॉक्टर संशोधन करत होते. प्रत्येकाला नंबर घातलेली बाटली. अर्ध्यांत औषध, अर्ध्यांत साखरेच्या गोळ्या. कुणाला काय, हे त्यांनाही ठाऊक नाय म्हणे. कसं पटावं? आमच्यात वाटण्या होतात तेव्हा वाटे घालणारा शेवटी उचलतो. इथे वाटे त्यांनीच घातले, हातात त्यांनीच दिले. त्यात डॉक्टर सयाजीशी हसून बोलला. मी गपचूप बाटल्या बदलल्या. त्याची सतरा नंबरची मी घेतली.

पाचव्या दिवशी सयाजी खोकू लागला. मी त्याला पाठीवर घेऊन उतरलो. "रावजी, तू बरा हायस ना रे?" एवढंच विचारलंन, आणि वाटेतच गेला.

४. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी कुठल्या नंबरात काय होतं ते बंद पाकिटातून कळवलं. पाकीट कणगीत आहे. सतरात औषध आणि माझ्या मूळच्या बाटलीत साखर असेल तर सयाजीचा जीव मी घेतला. तेरा वर्षं मला ते फोडवलं नाय.

५. घर एक वाटा, शेत दुसरा. वाटे मी घातले, म्हणून पहिला सयाजीच्या बायकोने, शकूवहिनीने उचलावा. उरेल तो जितेशचा.

नवऱ्याला पाठीवरून आणला म्हणून वहिनी दर सणाला ताट पाठवते. दुसऱ्या कुणाचं मी आधी मांजरापुढे ठेवतो. तिचं तसंच खाल्लं.

६. पाकीटही वहिनीचंच. पण आधी वाटा उचलावा, सही करावी, मगच फोडावं. उलटं झालं तर ती माझ्या घरचं पाणीसुद्धा घेणार नाय.

साक्षीदार: सुधीर मोरे, नूतन कदम. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणूनच निवडले.

सही: रावजी चांगू उतेकर
पोलादपूर, १४ नोव्हेंबर २०२५