पाटावरची बंदूक

अण्णा, कालपासून मी घाबरलोय, दुसरं काही नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बंदुकीचं बोलायचं तर तुमच्याशीच. घरात दुसऱ्या कुणाला त्यातलं कळत नाही, आणि जिला कळायला लागलंय त्या माझ्या लेकीमुळेच माझी झोप उडालीय.

तुमची बंदूक साधी होती, दर गोळीला बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा दांडा, हातानं ओढायचा. हॉस्पिटलमधल्या तुमच्या त्या शेतकरी पेशंटनं, बरा होऊन घरी गेल्यावर, आपल्या शेतावर ससे मारायची परवानगी दिली होती. आता त्याचा मुलगा मला येऊ देतो, ससे त्याचं कोवळं पीक फस्त करतात. मी घेतली ती सेमी-ऑटोमॅटिक, एक गोळी सुटली की दुसरी आपोआप चढते. पॉइंट टू-टू बोअरचीच, इथे विलायतेत सेमी-ऑटोमॅटिक त्याहून मोठी ठेवू देत नाहीत. पण हौसेला मोल नसतं. जड नळी बसवली, माझ्या खांद्याच्या मापाचा दस्ता करून घेतला, वर मोठा स्कोप, पुढे आवाज दाबणारा मॉडरेटर. लांबचा ससा एका गोळीत पडावा, तडफडू नये, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मिरवायची होती. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "वरातीतलं घोडं केलंस की रे तिचं."

मी शाळेत असतानाचा एक दसरा अजून डोळ्यांसमोर आहे. हॅरोच्या आपल्या किचनमध्ये तुम्ही पाट मांडताय. त्यावर तुमचा स्टेथोस्कोप, आईची विळी, माझी कंपासपेटी. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. बंदूक मात्र कुलपात. मी हट्ट धरतो, तिचीही पूजा करा. तुम्ही पोलादी कपाटाच्या दारालाच फूल वाहता. मी अक्षता घेऊन पुढे होतो तर माझं मनगट धरता. "हत्यार जेवत नाही. त्याच्या तोंडात दाणा जाता कामा नये." डोळे असे वटारलेत की मी अक्षता परत ताटात टाकतो. मला वाटलं, डॉक्टर माणूस, देवाधर्माची फारशी पर्वा नसणार, म्हणून अडवलंत.

या दसऱ्याला मी वेम्बलीहून झेंडू आणला आणि नवी बंदूक सरळ पाटावर ठेवली. लेकीनं तिच्यावर मूठभर अक्षता टाकल्या. इथेच जन्मलेली पोरगी हौसेनं पूजा करतेय म्हणून मला कोण कौतुक. नंतर वरवर फडकं मारलं आणि कपाटात ठेवून दिली.

काल तिला घेऊन शेतावर गेलो. पुढच्या वर्षी तिला बंदुकीचं स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे परवाना, काढायचंय, म्हणून सगळं शिकवत होतो. बांधाशी बसलो होतो, ती थोडी पुढे, डोळ्यांना दुर्बीण. एक ससा पडला. पुढची गोळी चढताना बोल्ट अर्ध्यावर अडकला. मी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा डबा, काढून तिला दाखवलं. म्हटलं, "बघ, हे काढलं की बंदूक रिकामी." ती बरं म्हणाली आणि परत दुर्बिणीत बघायला लागली. मी अंगठ्यानं बोल्ट रेटला, तो पुढे सरकला, आणि रिकामीच आहे म्हणून मी घोडा दाबला. फट्. मॉडरेटरमुळे एवढाच आवाज. तिच्या बुटापासून वीतभर अंतरावरची माती उडाली. मॅगझिन बाहेर होतं, पण एक गोळी त्यातून आधीच निघून आत अडकलेली होती, आणि बोल्ट उघडून आत बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

ती वळली आणि हसली. "बाबा, तू मिस केला. ससा पळाली." तिला वाटलं मी सशावर गोळी झाडली. मी हो म्हटलं. मग बोल्ट उघडून बंदूक उलटी झटकली तर कुंकवानं लाल झालेला तांदळाचा अर्धा दाणा तळहातावर पडला. बंदूक पिशवीत घातली आणि आम्ही गाडीकडे निघालो. सबंध रस्ताभर ती बडबडत होती आणि मी तिच्या पायांकडे बघत होतो.

घरी जेवताना तिनं आईला ऐटीत सांगितलं, "मम्मी, घाबरू नको, खूप सेफ असते. मॅगझिन काढला की रिकामी. बाबांनी दाखवलं." हिनं माझ्याकडे बघितलं. मी वरणभात कालवत राहिलो. चूक माझ्यापाशी राहिली असती तर एक वेळ चाललं असतं, अण्णा. पण ती आता तिच्या डोक्यात बसलीय, आणि तीही माझ्या तोंडून. उद्या ती एकटी असेल, नाहीतर शेजारी तिची मैत्रीण असेल, आणि ती मॅगझिन काढून निर्धास्त होईल.

ती आत्ता वर तिच्या खोलीत आहे. जिना चढून जायचं, गोळी कुठे लागली ते सांगायचं, एवढंच काम आहे. मी मात्र इथे बसून तुम्हाला लिहितोय. तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही उलट काही विचारत नाही. ती विचारेल.