मडक्यातलं चिन्नोर

२८ मे
सुलीने, आमच्या लेकीने, मोहाडीच्या दवाखान्यात नेलंच. तिची माय जाऊन दीड वर्ष झालं. मी जेवतो, झोपतो, वेड लागलेलं नाही. तरी काउन्सिलर मॅडमपुढे बसवलं. वयाने सुलीपेक्षा लहान. "आजीचं नाव काय होतं?" म्हटलं, सुलीची माय. हसली नाही, कागद पुढे केला. नाव लिहून दिलं. चाळीस वर्षांत तोंडाने घेतलं नव्हतं. आमच्यात घेत नाहीत.

४ जून
गुरुवारची ठरलेली भेट. मॅडमना मडक्याचं सांगितलं. शेवटच्या मळणीचं चिन्नोर धान तिने बियाण्याला निवडलं, कडुनिंबाचा पाला घातला, फडक्याने मडक्याचं तोंड बांधलं. पंधरा दिवसांत गेली. गेल्या साली मी दुकानाचं बियाणं पेरलं. यंदाही हे पेरलं नाही तर मरेल. पेरायचं तर तिची गाठ सोडावी लागेल.
"कशी गाठ मारत होत्या?" दुपट्ट्याला मारून दाखवली. मग मलाच सुटेना. रडलो, चांगलाच. मॅडमने घाई केली नाही.

७ जून
दिवसभर सुलीची मायच डोळ्यांपुढे. रोवणीच्या चिखलात, पदर खोचून, माझ्या वाकड्या ओळीला हसताना. "मास्तर, पोराईले सरळ बसवता, अन् धानाले काहून नाई?" किती चिडायचो. आता कोणी तसं चिडवत नाही.

११ जून
मॅडमना विचारलं, नाही उगवलं तर? वाटलं, उगवेल म्हणेल. म्हणाली, "तर त्याच दिवशी या इथं. गुरुवार नसला तरी चालते."
घरी येऊन गाठ सोडली. फडकं घडी करून ट्रंकेत. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले, तीच करायची तसे.

१५ जून
सकाळी गोणपाट उघडलं. पांढरे मोड. सगळ्यांना नाहीत. मोजत होतो, मधेच स्वयंपाकघराकडे हाक गेली, "शेवंता, पाह्य वं." नाव घेऊन, मोठ्याने. कुंपणापलीकडून शेजारीण पाहत राहिली. लाज वाटली नाही. मोजणी मात्र चुकली.
चहा पिऊन पुन्हा मोजतो. निम्म्याच्या वर निघाले तर उद्या वाफ्यात बियाणं पेरून पऱ्हे टाकीन. नाही तर मोहाडीची बस साडेदहाला आहे.