नंदीखालचं झाकण

शहापूर,
१४ सप्टेंबर २००६

प्रिय अपेक्षा,

आई तुझ्याकडे राहायला निघालीय, हे पत्र तिच्या पिशवीत, नाचणीच्या लाडवांच्या डब्याखाली ठेवून पाठवतोय. पोस्टाने टाकलं असतं तर ते आधी शेखररावांच्या दुकानात खताच्या गोणीवर पडलं असतं आणि मग कधीतरी तुझ्या हाती आलं असतं. फोन दोनदा केला. दोन्ही वेळा तू काउंटरपाशी उभी, मागे कुणीतरी युरिया मागतंय, आणि मी इकडून भात निसवायला लागलंय, भोपळीला फुलं आलीत, असलं काहीबाही बोलून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, बाबांना आता उद्योग उरला नाही. पण मला दुसरंच सांगायचं होतं. ते सावकाश लिहितो, मात्र एक गोष्ट आधी ऐक. आजपासून गाडीत पुढच्या सीटवर बसू नकोस. मागे बस. कुणी विचारलं तर पाय सुजतात, लांब करून बसायचंय असं सांग. पाचव्या महिन्यात ते कुणालाही पटतं.

घाबरू नकोस. मीच घाबरलोय तेवढं पुरे. गेले दहाबारा दिवस हातात दाभण टिकत नाही. एका टेम्पोची सीट फाडून ठेवलीय, तिचा फोम वाऱ्यावर उडतोय आणि टेम्पोवाला रोज येऊन शिव्या घालून जातोय. मशीनवर बसलो की उठतो, रस्त्यापर्यंत जातो, परत येतो. तुझी आई म्हणते, 'पायाला काय भिंगरी लावलीय का तुमी?' तिला पहिले चार दिवस काही सांगितलं नाही. मग सांगितलं, तर ती म्हणाली, 'दुनियेच्या सीटा शिवल्या, आता तोंड पण शिवून घेतलाव का? पोरीला सांगा ना!' चुकीचं काय बोलली?

ती काळी गाडी पहिल्यांदा आपल्या दुकानासमोर थांबली तो दिवस तुला आठवत असेल. तुमच्या साखरपुड्याला पंधरा दिवस झाले होते. गाडी अठ्ठ्याण्णव सालची, कल्याणच्या कुणा डॉक्टरांनी वापरून विकलेली, पण इंजिन अजून ठणठणीत. शेखररावांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आजही दिसतो. मुरबाडला रेल्वे नाही. पोरपणी जीपच्या मागच्या फळीवर लोंबकळत कल्याण गाठलेल्या माणसाने स्वतःची गाडी घेतली, ती साधी कशी ठेवणार? त्यांनी खिशातून एक कात्रण काढलं. लाकडी स्टीअरिंग, डॅशबोर्डला मरून रंगाचं रेग्झिन, त्यावर दुधी पायपिंगची किनार, सीटांनाही तसंच. म्हणाले, 'बाबा, आतून अशी करा का मुरबाडात कोणाची नसंल. हा काळा प्लास्टिक मला दिसायला नको.'

मी बोललो नाही असं नाही. स्टीअरिंगच्या मधल्या फुगीर भागावर बोट ठेवलं, मग डावीकडे डॅशबोर्डमधल्या झाकणावर ठेवलं, आणि म्हटलं, शेखरराव, या दोन्हीत फुगे असतात, धडक बसली की उघडून माणसाला झेलतात. ते हसले. 'फुगं म्हशाच्या जत्रंत घेऊ ना बाबा! मी काय ठोकायला चाललोय?' मग मीही हसलो. सासरा होऊन पंधरा दिवस झालेले, आणि जावयाची पहिलीच मागणी. आपल्याकडे जावयाने जेवताना चिमूटभर मीठ मागितलं तरी घरातली चार माणसं उठतात. तिथे मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होतो?

आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते काम करायचंच होतं. तीस वर्षं जीप आणि टेम्पोच्या सीटा शिवल्या. कोंबड्यांची पिसं झटकायची, लोकांच्या उलट्या धुवायच्या, वर ठिगळ मारायचं, हेच माझं काम. कुणी आजवर म्हटलं नव्हतं की कुंडलिक, तुला येतं ते सगळं इथे ओत. आठ दिवस मी जेवायचं विसरलो. जुनं स्टीअरिंग फुग्यासकट उतरवलं आणि लाकडी चढवलं. सीटबेल्टची कुलपं गबाळी दिसत होती म्हणून कव्हरच्या आत दडपली. डावीकडच्या झाकणाला एक बारीक खाच होती. उन्हात रेग्झिन तिथे उचललं जाईल म्हणून त्या खाचेवरूनच जाड नायलॉनचा दुहेरी टाका घेतला. जुनं स्टीअरिंग काढल्यापासून मीटरमध्ये एक लाल दिवा पेटून राहिला होता, काही केल्या जाईना. शेखररावांना तो डोळ्यात खुपत होता. मी मीटर उघडून त्याचा बल्बच काढून टाकला. फुगा बंद पडल्याचा इशारा होता तो, आज तो दिवा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मग पौषात म्हशाची जत्रा आली. शेखररावांनी गाडी नेऊन बाजाराच्या कडेला लावली आणि बैल बघायला आलेली माणसं काचेला नाक लावून आत बघायला लागली. 'कोणी केलं रे?' असं विचारत होती. मी बाजूलाच उभा होतो, छाती कशी फुगली होती म्हणून सांगू! त्याच जत्रेत मी पितळेचा तो नंदी घेतला, मूठभर आकाराचा, चांगला जड. घरी आणून आखूड स्क्रूने डॅशबोर्डवर पक्का केला. सपाट जागा झाकणावरच होती, म्हणून तिथेच. तुझ्या सीटच्या बरोबर समोर. बैलाला झूल घालतो तेव्हा त्याचे डोळे झाकत नाही, एवढी अक्कल आपल्या अडाणी आज्यालाही होती. मला त्या दिवशी ती सुचली नाही.

गौरी-गणपती गेल्यावर दोन दिवसांनी क्रेनने एक गाडी आणून दुकानासमोर टाकली. तुमच्याच गाडीची बहीण, फक्त पांढरी. आटगावच्या वळणावर उभ्या ट्रेलरला समोरून धडकली होती. बोनेटची घडी झाली होती. मालकाला सीटा नव्या करून हव्या होत्या. मी विचारायला कचरत होतो की आतल्या माणसांचं काय झालं, तेवढ्यात ती दोघं समोरच्या टपरीवर चहा पिताना दिसली. बाईच्या नाकाचं साल गेलं होतं आणि बांगड्या फुटल्या म्हणून ती नवऱ्यावर चिडली होती. मी दार उघडलं. स्टीअरिंगमधून एक आणि डावीकडच्या डॅशबोर्डमधून एक, अशा दोन पांढऱ्या पिशव्या लोंबत होत्या. झाकण कुठून फाटलंय ते बघायला मी बोट फिरवलं. त्या बारीक खाचेवरूनच फाटलं होतं. कंपनीने ती खाच फाटण्यासाठीच ठेवलेली असते. तुझ्या गाडीत मी तिथेच दुहेरी टाका मारलाय.

दुसऱ्या दिवशी कल्याणला गेलो. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सुनिल म्हणून मिस्त्री आहे, आपल्याकडे सीटांचं काम पाठवतो. त्याला आडून आडून विचारलं. तो म्हणाला, 'काका, पापणी लवायच्या आत उघडतो तो. वरून शिवला असंल तर कोंडून बसंल, नायतर वरचं सगळं घेऊन तोंडावर येईल. वर काय बसवलेलं तर नाय ना?' मी म्हटलं, नाही. त्या परक्या पोरासमोरही मला नंदीचं नाव घ्यायची लाज वाटली.

परवा मी अचानक मुरबाडला आलो होतो, तेव्हा किन्हवलीला काम होतं म्हणून सहज आलो असं सांगितलं. काम कसलं आलंय! हेच बोलायला आलो होतो. तर शेखररावांनी दारातच दोन शेजाऱ्यांना हाका मारून गाडी उघडून दाखवली. 'आमच्या सासऱ्यांनी केलंय, बघा.' सकुबाई विहिणीने आग्रह करकरून वडे वाढले. सगळे शब्द वड्यांबरोबर गिळून बसलो. निघताना स्टँडवर सोडायला तुम्ही दोघं आलात आणि मानाने मला पुढे बसवलंत. मी सगळी वाट डॅशबोर्डवर हात ठेवून होतो. तू मागून हसलीस, म्हणालीस, बाबांची अजून आपल्या कामावरून नजर हटत नाही. अगं, मी माझाच टाका चाचपत होतो, कुठे सैल आहे का ते बघत होतो. कुठेच सैल नव्हता. आयुष्यात एवढं पक्कं काम मी केलं नव्हतं.

आता जे लिहितोय त्यापायी आधीचे तीन कागद फाडले. त्या आठ दिवसांतल्या एका दुपारी तू दुकानात स्टुलावर बसून पायपिंग शिवत होतीस. गाडीच्या खणात इंग्रजी पुस्तक सापडलं ते तू चाळायला घेतलंस. बारावीपर्यंतचं तुझं शिक्षण, एकेक ओळ लावून मराठीत सांगत होतीस. मग थांबलीस आणि म्हणालीस, 'बाबा, यात लिवलंय का या झाकणावर काय शिवू नका, चिकटवू नका, ठेवू पण नका. चित्रावर फुली मारलीय बघा.' मी काय बोललो ते तू विसरली असशील, मी नाही. 'ठेव ते. पुस्तकवाले गार हवेत बसून भ्या घालतात. तुझा बाप तीस वर्षं सीटा शिवतोय.' तू पुस्तक मिटलंस, पुन्हा सुई घेतलीस, आणि त्या झाकणाच्या कडेची पायपिंग तूच शिवलीस. नंतर एकदाही विचारलं नाहीस. लग्न झाल्यापासून सात महिने तू त्या सीटवर बसतेस ती बाप म्हणाला म्हणून. शेखररावांना काही ठाऊक नव्हतं, त्यांना मी दोष देत नाही. मला ठाऊक होतं. माझ्या पोरीने मला वाचून दाखवलं होतं, आणि जावयाच्या डोळ्यांतला आनंद आणि माझी स्वतःची वाहवा यांपायी मी तुला गप्प बसवलं. मला माफ कर असं लिहायला हात उचलत नाही, पण मनात तेच आहे.

म्हणून हे पत्र, अपू. जावयाला सासरा नाही म्हणू शकत नाही, पण डोहाळकरणीला जावईही नाही म्हणू शकत नाही. तुझ्या वेळी आईने ऐन पावसाळ्यात बोरं मागितली होती आणि मी पिशवी घेऊन वेड्यासारखा रानोमाळ हिंडलो होतो. तू शेखररावांना सांग, मरून रंग बघितला की मला मळमळतं, मला गाडी पहिल्यासारखी काळी हवी, स्टीअरिंगसुद्धा. सकुबाई तुझ्याच बाजूने बोलतील, बघ. सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणापर्यंत थांबू नका, याच रविवारी गाडी घेऊन या, आणि येताना तू आईबरोबर मागच्या सीटवर. जुनं स्टीअरिंग भंगारात दिलं असं मी शेखररावांना सांगितलं होतं, ते खरं नाही. ते माळ्यावर आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलंय. सुनिल येऊन ते आणि डावीकडचा फुगाही तपासणार आहे, बाद झाले असतील तर नवे आणणार आहे, आणि तो लाल दिवाही परत लावणार आहे. सीटबेल्टची कुलपं मी आजच बाहेर काढली असती, पण गाडी तुमच्याकडे आहे. माझ्या तोंडून जे निघालं नाही ते मी तुझ्या जिभेवर ढकलतोय, हे कळतं मला. तुला डोहाळ्याचं खोटं बोलवत नसेल तर हा कागद सरळ शेखररावांच्या हातात दे. ते काय बोलायचं ते बोलोत, मी मान खाली घालून ऐकेन. टाके मात्र मीच उसवणार, एकेक करून, आणि नंदी देव्हाऱ्यात जाईल. एवढंच कर, खणातलं ते पुस्तक तिथेच असेल, ते घेऊन ये. तुझं स्टूल पुसून ठेवलंय. त्यावर बस आणि पहिल्या पानापासून वाच. या खेपेला मी मधे बोलणार नाही.

तुझाच,
बाबा