दोन ओळींमधली तुझी हाक

आय, गेल्या रविवारी मी जामसरला मिस्साला गेले होते. तिथे चर्च नाही. एका घराच्या सारवलेल्या पडवीत वीस-पंचवीस माणसं बसतात आणि महिन्यातून एकदा जव्हारहून फादर येतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी त्यांच्या जीपमध्ये माझी पेटी घेऊन जाते. परवा मी नेहमीचं आभाराचं गाणं धरलं. तुला आठवेल ते. पहिली ओळ संपली की सगळ्यांनी गप्प राहायचं, तेवढ्यात पेटी वाजते आणि मग दुसरी ओळ. पहिली ओळ संपली, मी पेटीवर बोटं ठेवली, आणि मागच्या बायांनी त्या रिकाम्या जागेत एकदम हाक घातली, "हो गं बाय, हो!" आवणीला चिखलात वाकून रोपं लावताना एकीनं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी हाक द्यायची, अगदी तशी. माझी बोटं थांबली. गाणं मात्र थांबलं नाही.

मोखाड्याच्या बोर्डिंगमध्ये तू स्वयंपाकाला होतीस आणि मी तिथेच कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते. दवाखान्याच्या दिवशी लांबलांबून माणसं चालत यायची, जव्हारच्या वांगणीकडूनसुद्धा. सिस्टर त्यांना औषध द्यायच्या, पण त्याआधी ती सगळी तुझ्या मागच्या दाराशी यायची. चुलीवर तू मोठं पातेलं चढवलेलं असायचं. गरम पाणी, त्यात मूठभर मीठ. आलेल्या माणसाचे पाय आधी त्यात, मग नाचणीची पेज. म्हाताऱ्यांना वाकता येत नसे. त्यांच्यापुढे तू स्वतः बसायचीस, टाचांच्या भेगांतली माती अंगठ्यानं काढायचीस आणि गात असायचीस. सिस्टर ओरडायच्या, "अहो बाई, सगळी लाकडं पाण्यावरच संपवणार का?" तू म्हणायचीस, "पाय गरम झालं का निम्मा आजार तिथंच जातो, शिस्टर. औषध तुमचं वाचंल." आणि पवित्र गुरुवारी फादर वेदीपुढे बारा जणांचे पाय धुवत होते, तेव्हा शेजारच्या बाईच्या कानात तू म्हणालीस, "फादरचं बरं हाय गं. वर्साचा एकच गुरुवार." ती बाई पदर तोंडात धरून हसत राहिली. मी मात्र तुमच्या दोघींकडे डोळे वटारून पाहिलं होतं. गंभीर दिसणं म्हणजेच भक्ती, असं मला त्या वयात वाटायचं.

मी सातवीत होते, बिशप येणार होते. महिनाभर आमची तालीम चालली होती आणि मी गायनवृंदात पहिल्या रांगेत. तू पहाटेपासून चुलीपुढे होतीस, आणि गाणं सुरू झालं तशी हात पुसत येऊन दाराशी उभी राहिलीस. हळदीचे डाग पडलेलं तेच लुगडं. पहिली ओळ संपली, सिस्टरांनी पेटी वाजवायला घेतली, आणि मागून तुझी हाक आली, "हो गं बाय, हो!" बिशपांनी मान वर केली. माझ्या शेजारच्या दोघी फिसकन हसल्या. मी वळून तुझ्याकडे पाहिलं. तुला वाटलं, पोर कौतुकानं बघतेय. तू हसलीस, आणि पुढच्या ओळीनंतर आणखी मोठ्यानं हाक दिलीस.

मिस्सा झाल्यावर मी स्वयंपाकघरात आले. तू वरण ढवळत होतीस. मी म्हणाले, "आय, तू चर्चमध्ये गात नको जाऊ. सगळे हसतात."

"सगळे?"

"हो, सगळे."

तू डाव थांबवलास. "देव पण हसला काय?"

"देवाला सूर कळतो," मी म्हणाले.

तू पुन्हा वरण ढवळायला लागलीस. मग म्हणालीस, "बरं बाय. तू शिकलेली." आणि खिरीच्या भांड्याच्या तळाची खरवड, मला आवडते म्हणून, वाटीत काढून दिलीस. मी ती खाल्ली. त्यानंतर तू देवाघरी जाईपर्यंत दर रविवारी तुझ्या शेजारी उभं राहून मी पाहिलं, तुझे ओठ हलायचे, आवाज नसायचा. मागच्या दाराशी, माणसांच्या पायांशी बसल्यावर तेवढा तो ऐकू यायचा.

सगळे हसले नव्हते, आय. दोन मुली हसल्या होत्या. आणि एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. मी स्वयंपाकघरात आले ती स्वतःहून नाही. सिस्टरांनी पाठवलं होतं. बिशपांनी विचारलं होतं, "मागून इतक्या आनंदानं गाणाऱ्या बाई कोण? त्यांना बोलवा." तुला बोलवायला म्हणून मी आले, तुला गप्प करून परत गेले आणि सिस्टरांना सांगितलं, "आई कामात आहे, येत नाही म्हणाली." पुढे चाळीस वर्षं मी मुलींना तेच गाणं शिकवलं. त्या जागेत कुणी चकार शब्द काढू नये म्हणून बोट वर करून उभी राहायचे. सूर कधी चुकला नाही. मला आनंद झाल्याचंही आठवत नाही.

परवा मिस्सानंतर कोरा चहा पिताना मी हाक देणाऱ्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारलं, हे कुणी शिकवलं? ती म्हणाली, "शिकवतंय कोण? मोखाड्याला आयबरोबर दवाखान्यात जायचो ना आमी, तिथं मागल्या दाराला एक बाई होती. पाय धुवायची न् गायची. आमी पोरी हाक द्यायचो, नाय दिली तर पाणी उडवायची अंगावर!" सांगताना ती हसत होती. मग तिनं विचारलं, "तू बी मोखाड्याची ना गं? वळखत असशील तिला."

सातवीत मला तुझी लाज वाटली होती. या वेळी माझीच वाटली. तुझं कौतुक चाललेलं असताना पुढे होऊन तुझी लेक म्हणवून घेणं मला चोरीसारखं वाटलं.

"असेल कोणी," मी म्हणाले आणि पेटी उचलून जीपकडे गेले.

पुढच्या महिन्यात पेटी नेणार नाही, असं ठरवलंय. मागे त्या बायांत बसेन, जमली तर हाक देईन. म्हातारीला खरं सांगायचंही ठरवलंय. पण ती बाई माझी आय होती, हे अजून तरी मी फक्त या कागदालाच सांगितलंय.