कॉफीच्या डब्यातले गहू

मंगळवार, ६ जानेवारी

फसले! ह्यांनी कप रिकामा केला, मिशी पुसली आणि म्हणाले, "फक्कड!" गहू प्यायले, गहू! मी ओट्याकडे तोंड करून हसू दाबलं.

डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात सांगितलं, "आजोबा, कॉफी एकदम बंद. छातीची धडधड त्यानेच वाढतेय." हे डॉक्टरांना म्हणतात, "दुसरं काहीतरी बंद करा की!" तरुणपणी कंपनीने सहा महिने बंगळूरला धाडलं होतं, तिथून हे व्यसन आणलं. नाशकात सगळे चहा पिणारे, आमचं एकट्याचं निराळं.

वेदिका, आमची नात, बाळंतपणाला आलीय. तिलाही कॉफी नको म्हणालेत, म्हणून तिने कुठूनसा डबा मागवला. "आजी, भाजलेल्या धान्याची कॉफी. यात कॉफीच नसते." मी झाकण उघडून वास घेतला — अगं बाई, ही तर माझी आई! माहेरी देवळ्याला घरात चहापत्ती संपली की आई गहू करपवायची आणि त्याचं पाणी उकळायची. तेही दार लोटून, शेजारणीला वास जाऊ नये म्हणून! तेच आता चकचकीत डब्यात. वर इंग्रजीत नाव.

मी म्हटलं, विकत कशाला? लोखंडी कढई काढली. गहू, मूठभर नागली, मंद आच, हात थांबवायचा नाही. पार काळे व्हायच्या जरा आधी गुळाचा खडा. मग मिक्सर. ह्यांच्या कॉफीच्या डब्यातली कॉफी काढून बरणीत लपवली, ही पूड डब्यात भरली. चौथी पास आहे मी. डोकं चौथीत ठेवून आले नव्हते.

सोमवार, १२ जानेवारी

आज ह्यांचा आठवा सोमवार. सोळा धरलेत. मागच्या खेपेला वेदिकाचं चौथ्या महिन्यात राहिलं नाही. पोरगी आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली. यंदा सातवा लागला तसे हे पंचवटीत जाऊन महादेवासमोर बोलून आले — सोळा सोमवार धान्याचा कण घेणार नाही, बाळ-बाळंतीण सुखरूप राहू दे. सकाळी एक केळं, दिवसभरात दोन कप कॉफी. संध्याकाळी शाबूदाण्याचं काहीतरी. हटवादी माणूस, पण नातीसाठी विरघळतो.

कॉफी गॅलरीत उभं राहून प्यायले. म्हणे ऊन चांगलंय.

शुक्रवार, १६ जानेवारी

माझी गव्हाची कॉफी चाखून वेदिकाने मला मिठी मारली! "आजी, तू तर कॅफे काढ!" पोट मध्ये येतं, नीट मारता येत नाही. आतून बाळाने लाथ घातली, ती मलाच लागली. ही पोरगीच असणार.

मंगळवार, २० जानेवारी

मोगऱ्याच्या कुंडीला मुंग्या लागल्यात. थंडीच्या दिवसांत मुंग्या? हळद टाकली.

धडधड कमी झाली म्हणाले डॉक्टर. "काय केलंत आजोबा?" "मनोनिग्रह," म्हणाले हे! मी पदराने तोंड झाकलं.

सोमवार, २ फेब्रुवारी

लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

सकाळी डब्यातलं संपत आलं म्हणून गहू भाजायला घेतले. समोरच्या मंगलाबाई वास काढत आल्या. "सोमवारचं गहू भाजताय व्हय? भाऊंचा उपास ना?"

मी म्हटलं, "अहो, त्यांना थोडेच घालतेय!"

बोलले आणि नजर ह्यांच्या कॉफीच्या डब्यावर गेली. कढईतले गहू जळून कोळसा झाले. मंगलाबाई ओरडतायत, "अवो आजी, गॅस बंद करा!"

चार सोमवार! डब्यावर कॉफी लिहिलंय म्हणून माझ्याही डोक्यात कॉफीच. दुसऱ्याला फसवता फसवता स्वतःच फसले. उपास ह्यांचा, मोडला मी. आणि तोही कशासाठी धरलेला! वेदिकाला नववा लागलाय.

सांगू? सांगितलं तर हे पहिल्यापासून सोळा धरतील. बाळ काय तोवर थांबणार आहे? आणि डब्यात खरी कॉफी घालायला लावतील, वर धडधड.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

देवाला सांगून टाकलं — हे बघ, ह्यांचं काही मोजू नकोस. माझ्या नावावर लिही. माझी मी भरून देते. सोमवारी पाणीसुद्धा नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

सकाळी म्हटलं, "अहो, आज दूध घ्या, कॉफी संपली." हे म्हणाले, "काल तर डबा भरलेला होता." ह्यांना चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण डबा आठवतो!

शेवटी बरणीतली खरी कॉफी काढली. अर्धाच चमचा, बाकी दूध. एका दिवसाची धडधड महादेवाच्या भरवशावर. ह्यांनी वास घेतला. थांबले. माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीत बसून शेवटचा थेंब संपेपर्यंत प्यायले. गॅलरीत गेले नाहीत. फक्कडही म्हणाले नाहीत.

दुपारी मला चक्कर आली. वेदिका म्हणाली, "आजी, जेवलीस का?" म्हटलं, पित्त आहे.

सोमवार, १६ फेब्रुवारी

तहान फार. नळाचा आवाजसुद्धा गोड वाटतो.

सोमवार, २३ फेब्रुवारी

हे विचारत होते, "तू का सुकलीस?" म्हटलं, वय झालं. "कालपर्यंत नव्हतं झालेलं," म्हणाले.

वेदिकाचे पाय सुजलेत. डॉक्टरीण म्हणते, काळजीचं काही नाही. काळजीचं कुणाला विचारलं! मी देव्हाऱ्यापुढून उठले नाही.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

मुलगी! सव्वातीन किलो! केस असे की आत्ताच वेणी घालावी! दोघी सुखरूप! मी पणजी झाले. नर्सबाईला मिठी मारली, ती म्हणे, "आजी, मला नव्हे, तिकडे." हे कोपऱ्यात उभे राहून रुमालात नाक शिंकरत होते. म्हणे सर्दी.

रविवार, १ मार्च

उद्या वेदिका बाळाला घेऊन घरी येणार, म्हणून गॅलरी धुवायला काढली. मोगऱ्याला अजून मुंग्या. खुरप्याने माती उकरली. वरची बोटभर माती निघाली आणि खाली काळा थर. चिकट, दाणेदार. हुंगला. करपलेला गहू. गूळसुद्धा माझ्याच हातचा.

म्हणजे पहिल्याच घोटाला कळलं होतं! सोमवारचे कप कुंडीत, आणि बाकीचे सहा दिवस तेच गव्हाचं पाणी पिऊन मला फक्कड, फक्कड!

आणि मी मेली तीन सोमवार पाण्यावाचून!

विचारणार नाही. मोडला असेल तर उपास त्या मोगऱ्याचा मोडला.