बोहनी होईपर्यंत बाहेर

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी सात.

थंडी कडक. चहा दोन कप. आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांची कामं लोक पुढे विसरतात, निदान मी तरी माझी विसरू नयेत म्हणून.

नगर निगमच्या झोनल साहेबांनी बोलावलं होतं. विषय: आपलं भाजी बाजार भवन, कोटरा सुल्तानाबाद. काय नाही तिथे? टाइल्सचे ओटे आहेत, नळ आहेत, पंखे आहेत. दारावर पाटी आहे: बाजार प्रभारी, रवींद्र देवस्थळी. फक्त भाजीवाला एकही नाही. ते सगळे समोरच्या रस्त्यावर बसतात. आत कबुतरं आणि मी.

साहेब म्हणाले, महिनाअखेर मोठ्या मॅडम पाहणीला येणार. नवीन आहेत, कडक आहेत. तोवर बाजार आत भरला नाही तर इमारत एका कोचिंगवाल्याला भाड्याने देऊन टाकणार. महाराणा प्रताप नगरात त्यांना जागा पुरत नाही म्हणे. आणि माझी बदली रेकॉर्ड रूममध्ये. तळघरात. रिटायरमेंट पुढच्या वर्षी. म्हणजे शेवटचं वर्ष फायली आणि झुरळांबरोबर.

साहेबांना म्हटलं, काळजी सोडा. साहेब म्हणाले, काळजी तुमचीच वाटते.

संकल्प: महिनाअखेर बाजार ठसाठस भरलेला. माझ्या हस्ते.

२ डिसेंबर, मंगळवार

भाजीवाल्यांशी चर्चा. त्यांची पुढारी कांचनबाई. निवडून वगैरे आलेली नाही, आवाज मोठा म्हणून पुढारी. तिचं म्हणणं, भोपाळचं गिऱ्हाईक स्कूटरवरून उतरतच नाही. एक पाय जमिनीवर टेकवतं, मटार कसे विचारतं, पिशवी हँडलला अडकवून चालू लागतं. चार पायऱ्या चढून आत कोण येणार? आणि एकटी ती आत गेली तर बाहेर शेजारीण तिची गिऱ्हाइकं पळवणार. जायचं तर सगळ्यांनी.

शांतपणे ऐकून घेतलं. बाईंना व्हिजन नाही. खरी अडचण प्रचाराची आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

प्रचार सुरू! माझ्याच आवाजात अनाउन्समेंट. जुईने फोनवर रेकॉर्ड करून दिली. चार वेळा म्हणाली, पप्पा, थोडं नॅचरल बोला ना, असं काय धमकी दिल्यासारखं! पोरीला वजनदार आवाज म्हणजे काय ते कळत नाही.

ई-रिक्षावर भोंगा लावून सकाळी सगळ्या कॉलनीत फेरी. प्रतिसाद अभूतपूर्व. घराघरातून लोक धावत बाहेर आले. प्रत्येकाच्या हातात दोन-दोन डबे, एक हिरवा, एक निळा.

आपल्या शहरात सकाळी भोंगा वाजवत फक्त कचरागाडी येते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. एका काकूंनी ओला कचरा रिक्षात रिकामा केलासुद्धा. मी बाजाराबद्दल सांगायला लागलो तर म्हणाल्या, आधी सुका घ्या, दूध उतू जातंय.

तरी एवढे लोक घराबाहेर काढले. हे काही थोडं नाही.

८ डिसेंबर, सोमवार

सुचलं! आंघोळ करताना सुचलं. बोहनी.

दिवसाची पहिली विक्री. भाजीवाले देव एक वेळ विसरतील, बोहनी विसरणार नाहीत. पहिली नोट कपाळाला लावतात, तराजूला लावतात. जिथे बोहनी चांगली तिथे बसायचं, असा त्यांचा हिशेब. मग आतली बोहनी रोज मी करायची. स्वहस्ते. माझा हातगुण घरात प्रसिद्ध आहे. मी लावलेला कढीपत्ता अजून हिरवागार आहे. पाणी आमची सौ. विनिता घालते, पण लावला मी.

विनिताला योजना सांगितली. ती शाळेच्या वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, मुळा आणू नका.

९ डिसेंबर, मंगळवार

कांचनबाईच्या खूप मिनतवाऱ्या केल्या. एक दिवस आत बसून तर पाहा म्हटलं. माझ्या शब्दाखातर आली. तिच्याकडे आज फक्त मुळा होता, तो घेतला. तिने नोट कपाळाला लावली. मला भरून आलं.

त्यानंतर आत कोणी फिरकलं नाही. एक कुत्रं आलं, ते ओट्याखाली झोपून गेलं. दुपारी बाई टोपल्या उचलून परत रस्त्यावर. जाताना माझ्या हाताकडे बघत होती.

पहिल्याच दिवशी यश कुणाला मिळतं? विनिता मुळ्याबद्दल जे बोलली ते लिहीत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज हल्के भैया. याचा मटारचा ठेला असतो. ठेला पायऱ्या चढत नाही, म्हणून एक पोतं आत आणायला लावलं. बोहनी माझी. हल्के खूष, मी खूष. मग मी दोन्ही दारं सताड उघडी करून ठेवली, गिऱ्हाइकांना बोलावल्यासारखं वाटावं म्हणून.

गाय आली. अर्धं पोतं खाऊन गेली.

मधल्या दोन दिवसांत पालकवाली आणि वांगेवाला यांचीही बोहनी केली होती. पालकवालीचा काटा बिघडला. वांगेवाल्याला ताप आला. थंडीच तशी आहे.

घरात मुळा, मटार, पालक, वांगी. विनिता म्हणाली, बाजार भरायचाय तो तिकडे, माझं स्वयंपाकघर नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

वातावरण बदललं! मी आज रस्त्यावरून फेरी मारली तर सगळे भाजीवाले उठून उभे राहिले. हात जोडले. टोपल्यांवर पटापट पोती झाकली. धुळीपासून माल जपा असं मी केव्हापासून सांगत होतो, शेवटी पोचलं.

आणि सजावट! प्रत्येक टोपलीला, प्रत्येक काट्याला लिंबू-मिरची टांगलेली. मागच्या आठवड्यात एकही नव्हती. लोकांत उत्साह आला की तो असा दिसतो. मी कोथिंबीरवाल्याजवळ पोचणार तेवढ्यात त्याने रस्त्याने चाललेल्या पोस्टमनला धरून आणलं आणि जबरदस्तीने जुडी विकली. मला म्हणाला, साहेब, बोहनी झाली, आता या.

किती आदर!

१८ डिसेंबर, गुरुवार

आदर नाही.

जुईकडून कळलं. कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे म्हणे, फक्त मलाच नव्हतं. देवस्थळी साहेबांच्या हातून बोहनी झाली की दिवस बुडाला. कुत्रं, गाय, काटा, ताप, सगळं माझ्या खात्यावर. जुई म्हणाली, पप्पा, यू आर लाइक पनौती. विनिता इतकी हसली की तिला ठसका लागला. मग पाणी पिऊन म्हणाली, हातगुण कुठला, हा पायगुण. लग्नात हॉलची लाइट गेली होती तेव्हाच आईला शंका आली होती.

शिकलेल्या माणसाने असल्या गोष्टींकडे लक्ष द्यायचं नसतं. रस्त्यावर जाऊन अंधश्रद्धेविरुद्ध एक खणखणीत भाषण करायचं ठरवलं. मुद्दे काढले. सफारी घातला. निघालो.

कोपऱ्यावर मांजर आडवं गेलं. परत आलो. उद्या बघू.

संध्याकाळी मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारची पूजा. विनिताने मला कलशाला हात लावू दिला नाही. चेष्टा होती, मला माहीत आहे. तरी वाईट वाटलं.

२२ डिसेंबर, सोमवार

कोचिंगवाला जागा मोजायला आला. टेप घेऊन, दोन माणसं घेऊन. माझ्या टेबलावर उभा राहून छताची उंची मोजली. मग बाहेर येऊन रस्त्याकडे हात केला आणि म्हणाला, इथे मुलांच्या स्कूटर लागतील, ही भाजीबाजी हटवावी लागेल.

हे भाजीवाल्यांनी ऐकलं.

दुपारी सगळे माझ्या खोलीत. कांचनबाई पुढे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज बारीक झाला होता. म्हणाली, बाजार गेला तर रस्ताही गेला साहेब, पोरंबाळं घेऊन कुठे बसायचं? पालकवाली डोळे पुसत होती. मलाही कसंतरी झालं. माझं तळघर फार तर एक वर्षाचं. यांचं काय?

मग त्यांनीच ठरवलं. पाहणीच्या दिवसापासून सगळे एकदम आत. एकानेही बाहेर बसायचं नाही. बाहेर कोणीच नसलं की गिऱ्हाईक झक मारत पायऱ्या चढेल.

मी म्हटलं, हेच तर मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

एक छोटी तांत्रिक अट आहे. सगळ्यांची बोहनी होईपर्यंत मी इमारतीत यायचं नाही. दारातही नाही. दिसायचंसुद्धा नाही. बोहनी झाली की कांचनबाई दारातून हात करेल, मग यायचं. मी उदार मनाने मान्य केलं. मॅडमपुढे भाषण करायचं म्हणजे एन्ट्री शेवटीच बरी.

२९ डिसेंबर, सोमवार

उद्या पाहणी. भाषण पाठ. सुरुवात: मॅडम, हा बाजार म्हणजे माझं स्वप्न. सफारीला इस्त्री केली. विनिताने दह्यासाठी विरजण लावलंय, उद्या निघताना हातावर साखर घालून देणार. तिलाही वाटतंय यश यावं असं.

आपण हे करून दाखवलं. बोहनी सोडता सगळं मीच केलं.

३० डिसेंबर, मंगळवार

क्रमाने लिहितो.

पहाटेच भाजीवाले आत गेले. सगळे! एक टोपली बाहेर नाही. रस्ता धुतल्यासारखा. मी अटीप्रमाणे समोरच्या चहाच्या टपरीआड. थंडी फार म्हणून सफारीवर जुना स्वेटर, मफलर, कानटोपी.

हल्के उशिरा आला. ठेला पायऱ्यांपाशी लावला आणि एकेक पोतं पाठीवर घेऊन आत नेऊ लागला. मला म्हणाला, साहेब, पोतं ठेवून येतो, ठेल्याकडे लक्ष ठेवा, गाय येते. हल्केची बोहनी घरूनच झाली होती, शेजारणीकडून. तेव्हा हरकत नव्हती. उभा राहिलो.

एक स्कूटर थांबली. पाय टेकवला. मटार कसे? सांगितलं. घेतले. मागून दुसरी. मग तिसरी. बघता बघता रांग! काय सांगू, मला जमत होतं. काटा, पिशवी, सुटे पैसे, वर दोन मिरच्या. एक बाई म्हणाल्या, भैया, तुम्ही रोज का नाही लावत? इतक्या वर्षांच्या नोकरीत मला रोज या असं कोणी म्हटलं नव्हतं. हल्के दारातून बघून गेला, हसला, त्यालाही बरंच वाटलं असणार.

एक पांढरी गाडी थांबली. काच खाली झाली. आत चष्मा लावलेल्या एक बाई. मटार विचारले. दिले. मग विचारलं, भैया, इथे रस्त्यावर का, आत बाजार नाही का?

आणि मी, बाजार प्रभारी रवींद्र देवस्थळी, धंद्याच्या भरात म्हणालो, आत कोण जातं मॅडम, फालतू चक्कर, इथूनच घ्या, ताजे आहेत.

मागच्या गाडीतून झोनल साहेब उतरले. त्यांनी मला मफलरसकट ओळखलं. तोंडाला रुमाल लावला आणि दुसरीकडे बघितलं.

मॅडम आत गेल्या. आत बाजार खच्चून भरलेला. बाहेरूनही ऐकू येत होतं. कांचनबाईने मॅडमना हार घातला, ओटे दाखवले. मॅडमनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, इमारत कोचिंगला देणार नाही. टाळ्या पडल्या. मी ठेल्याजवळ उभा राहून टाळ्या वाजवल्या. काटा हातात होता म्हणून एका हाताने मांडीवर.

निघताना मॅडम म्हणाल्या, सगळं उत्तम आहे, फक्त बाहेर तो एक मटारवाला बसतो, त्याचं बघा. अतिक्रमण पथकाचा माणूस पुढे आला. चलान फाडलं. व्यवसाय: फेरीवाला. मी म्हटलं, अहो, मी प्रभारी आहे. तो म्हणाला, इथे प्रत्येकाची ओळख वरपर्यंत असते, काका. भाषण खिशातच राहिलं.

२ जानेवारी, शुक्रवार. दुपारी.

ऑर्डर आली. रेकॉर्ड रूम टळली. प्रभारी मीच. फक्त ड्यूटी आता बाहेर: रस्त्यावर कोणी बसणार नाही याकडे लक्ष ठेवणे. विक्रेत्यांनी मॅडमकडे एकमताने विनंती केली होती, की बोहनी होईपर्यंत साहेबांना आत पाठवू नये. मॅडमनी कारण विचारलं नाही म्हणे. मंजूर केली.

विनिताला सांगितलं, बाजार वाचला, हे महत्त्वाचं. ती हो म्हणाली आणि माझ्या डब्यात दोन पोळ्या जास्त ठेवल्या.

सकाळपासून टपरीच्या बाकावर बसलो होतो. दोन चहा घेतले. समोर लोक स्कूटर पायऱ्यांशी लावून आत जात होते, पिशव्या भरून बाहेर येत होते. आतून कांचनबाईचा आवाज येत होता, पहिल्यासारखा मोठा. बोहनी केव्हाच झाली असणार. मी दाराकडे बघत राहिलो.

हात काही कोणी केला नाही. गर्दीत विसरले असतील. डबा बाकावरच उघडला.