मागच्या तंबूतली ड्युटी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या घराखाली आता मोबाइलचं दुकान आहे, आणि मी, तुमची ती सगळ्यांत आळशी विद्यार्थिनी, निवृत्त होऊन म्हातारी झाले आहे. आज दुपारी हे झोपलेत म्हणून लिहायला बसले. हे म्हणजे माझे मालक. तुम्ही त्यांना पाहिलंत तेव्हा ते एमआयडीसीतल्या सळईच्या मिलमध्ये भट्टीवर होते. तुम्ही त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून माझ्या कानात म्हणाला होतात, "धिप्पाड हाय गं. उचलायची वेळ आली तर दोघी लागतील." ती वेळ आली, पण दोघी नाहीत, मी एकटीच आहे. दुसऱ्यांदा अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची कूससुद्धा मीच बदलते. बोलणं तर पारच गेलं. आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो म्हणतात. ज्याने ही म्हण केली त्याच्या घरून तो निदान निघाला तरी असेल. आमच्याकडे आला आणि पाय पसरून बसला.

परवा डॉक्टरांनी सांगितलं की यांचा घास आता छातीत उतरतो, म्हणून सारखा ताप येतो. संभाजीनगरला नेऊन पोटाला भोक पाडून नळी बसवली तर अन्न पोटात जाईल, मग असेच कितीही वर्षं राहू शकतील. नाहीतर घरीच ठेवा, जाईल तेवढं चमच्याने द्या, पण मग फार दिवस निघणार नाहीत. वर म्हणाले, तुम्ही स्वतः सिस्टर होतात, तुम्हाला मी काय सांगायचं? मुलगा पुण्याहून रोज फोन करतो. "आई, तू फक्त हो म्हण. गाडी मी पाठवतो, खर्च मी बघतो." पोरगं चांगलं आहे. पण गाडी पाठवली की त्याचं काम संपतं आणि माझं तिथून सुरू होतं, हे त्याला कोण सांगणार? मला भांडायलाही आता उठावंसं वाटत नाही. म्हणून तुमच्याशी बोलते आहे.

तुमच्या हाताखाली नर्सिंगच्या ट्रेनिंगला होते, त्या पहिल्या वर्षी वडीगोद्रीकडची एक म्हातारी आपल्या वॉर्डात होती. राउंडला डॉक्टर म्हणाले, हिचं आता काही राहिलं नाही. ते ऐकून मी सकाळच्या कामात तिला सरळ वगळलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. तुम्ही मागून आलात. छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ, कडक इस्त्री, आणि आवाज असा की सगळा वॉर्ड चिडीचूप. "मेली का ती?" "नाही, बाई." "मंग तिचं तोंड कोण पुसणार? का तिच्या डॉक्टरला बोलावू?" आणि सगळ्या मुलींसमोर तुम्ही माझ्याकडून तिचं तोंड, पाठ, पायाची नखंसुद्धा करून घेतलीत. रागाने मी त्या दिवशी जेवले नाही. पाठीमागे आम्ही तुम्हाला मिलिट्री म्हणायचो आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्ही तरुणपणी लढाईवर नर्स होतात एवढंच आम्हाला माहीत. मला वाटायचं, तिथल्या जखमींनाही यांनी असाच दम देऊन बरं केलं असणार.

खरं काय ते कळलं फार पुढे. माझी नेमणूक वडीगोद्रीच्या उपकेंद्रात होती, तुम्ही निवृत्त होऊन जुन्या जालन्यात माडीवरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत होतात. मीटिंगला आले की मी तुमच्याकडे डोकावायचे. अजून दिसतं मला. तुम्ही स्टोव्हपाशी पाटावर बसला आहात, कोरा चहा उकळतोय. घरात दूध असून तुम्ही घालत नाही, ती सवय आसामकडची. खाली गल्लीत हमाल ज्वारीची पोती उतरवतायत. मी मोठ्या तोऱ्यात सांगते, एक बाळंतीण वाचत नाही हे मला बघताक्षणी कळलं होतं, पण वाचली हो. तुमचा चहा गाळणारा हात थांबतो. "आम्हाला बी कळायचं," तुम्ही म्हणता. "बिलकुल कळायचं. तिकडं ब्रह्मदेशाच्या हद्दीवर जखमी आले का डॉक्टर एकेकाला बघायचा. हा ऑपरेशनला, हा मागच्या तंबूत. मागच्या तंबूत म्हंजे हा जगत न्हाई. माझी ड्युटी तिथं." तुम्ही तेव्हा विशी-बाविशीच्या. काम काय, तर ओठ ओले करायचे, माश्या वारायच्या, आणि भाषा येत नसली तरी हात धरून बसायचं. "अन् एक दिवशी सकाळी एक जण उठून बसला की! पंजाबचा होता. म्हणे, सिस्टर, भूक लगी है."

"मग?" मी विचारते.

"मंग काय, बिस्किट दिलं. डॉक्टर पळत आला. ऑपरेशन झालं, गेला आपल्या घरी."

मी हसते. केवढी आनंदाची गोष्ट! तुम्ही हसत नाही. "आगं, तो उठला तवा मला कळलं, का आपल्याला कळत न्हाई. त्याच्या आधी जे गेले, त्यातले किती उठले असते? ते मी आजवर विचारून राह्यले सोताला. तू कधी म्हणू नको, मला कळतं."

त्यानंतर तुमचा राग येणं बंद झालं. युद्ध संपून किती काळ लोटला होता, तुम्ही किती बाळंतपणं केलीत, किती मुली घडवल्यात, पण गल्लीत कुणाचं शेवटचं दुखणं असलं की तुमची पावलं तिकडेच. कापडवाले चाचा आजारी होते तेव्हा तुम्ही रोज जात होतात. चाची म्हणायच्या, "बाई आके बैठे तो घर को तसल्ली मिलती." माझ्या लग्नात तुम्ही चोच असलेला एनॅमलचा फीडिंग कप दिलात, तंबूतला. सासूबाईंना वाटलं, बाहुलीची किटली आहे. त्याच कपाने मी यांना पाणी देते, आता तेही ओठांच्या कडेने परत येतं. आणि तुम्ही स्वतः काय केलंत? ऐंशी ओलांडून, दुपारी भाकरी-वरण खाऊन, खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. कुणाला एक दिवसही तुम्हाला उचलावं लागलं नाही. बाई, मी रडले तेव्हा, पण आता मला तुमचा हेवा वाटतो.

आणि एक तक्रार आहे. हात धरून बसायला तुम्ही शिकवलंत, किती दिवस बसायचं ते शिकवलं नाहीत. तुमच्या तंबूत माणूस दोन-चार दिवसांत सुटायचा आणि तुमची ड्युटी बदलायची. माझी बदलत नाही. माझी कंबर गेली, झोप गेली. बहिणीच्या नातवाच्या बारशाला गेले नाही. त्यांची पाठ पुसताना कधी कधी मी त्यांच्याकडे माणूस म्हणून बघतच नाही, काम म्हणून बघते.

आज सकाळी मात्र समोर बसून त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांना समजतं. उजव्या हातात थोडी ताकद आहे, त्यावर आमची खूण ठरली आहे. हो असेल तर माझं बोट दाबायचं, नको असेल तर सोडून द्यायचं. विचारलं, नळी बसवायला जायचं का? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बोट दाबलं. मी पुन्हा विचारलं. पुन्हा दाबलं, चांगलं जोरात. मग मुलाला फोन करून हो म्हटलं. तो रडला. गाडी उद्या सकाळी येईल. पिशवी भरून ठेवली आहे, दोन चादरी, पावडर, टॉवेल.

हे पत्र कुठे पाठवू? पत्ता असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही वाचून एवढंच विचारलं असतं, की एकदा हो म्हणाला होता, मंग दुसऱ्यांदा का विचारलंस? बाई, निदान या वेळी ते बोट सोडतील म्हणून विचारलं.